घर कोकणात, मालक परदेशात, कारागीर जोगेश्वरीचा
जुन्या घरांच्या दुरुस्तीच्या कामात आधी कागद, मग कौल, मग भिंत

अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर या भागांत राहणाऱ्या कोकणी मुस्लिम कुटुंबांपैकी बहुतेकांचे एक घर गावी असते. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, राजापूर या पट्ट्यात जांभ्या दगडाची, मंगलोरी कौलांची, लांब पडवीची अशी शेकडो घरे आहेत आणि त्यांतील अनेकांच्या दाराला कुलूप आहे. आजोबा जहाजावर होते, वडील कुवेतला गेले, मुले इंग्लंड किंवा कॅनडाचे नागरिक झाली. काही घराण्यांची एक फांदी तर 19व्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला आहे आणि तेथे ती आजही ‘कोकणी’ म्हणूनच ओळखली जाते. या मंडळींपैकी कोणी तरी आता ठरवतो की वडिलोपार्जित घर पडू द्यायचे नाही, दुरुस्त करायचे. तो गावी फोन करीत नाही. तो अंधेरी-जोगेश्वरीत राहणाऱ्या चुलतभावाला फोन करतो आणि चुलतभाऊ ओळखीच्या सुताराला, गवंड्याला बोलावतो.

काम मोठे असते, पैसा परदेशातून येणार असतो आणि देखरेख करणारा कोणी नसतो. कारागिराला हे काम सोन्यासारखे वाटते. पण आम्ही पाहतो की याच कामांत सर्वांत जास्त भांडणे होतात. अर्धे छप्पर उतरवलेले असताना दुसरा भाऊ गावात येऊन काम थांबवतो. उचल घेतलेली असते, पण मालाचे पैसे अडकतात. मालकाने सांगितले म्हणून कौले काढून स्लॅब घातली जाते आणि तीन पावसाळ्यांत भिंतीला तडे जातात. नुकसान घराचे होते, नात्याचे होते आणि कारागिराच्या मजुरीचेही होते. म्हणून या लेखात आम्ही मालकाला व कारागिराला दोघांनाही उपयोगी पडेल असा हिशोब मांडत आहोत. त्याचे सार एका ओळीत सांगायचे तर असे: ज्याचा मालक परदेशात आहे अशा घरात पहिला हात छपराला लावू नये, कागदाला लावावा.

घर कोणाचे आहे?

कारागीर म्हणेल, मला मालकीशी काय करायचे? मला मजुरी मिळाली म्हणजे झाले. परंतु ज्याने काम दिले तो एकटा मालक नसेल तर मजुरीही सुरक्षित नाही.

उदाहरण घेऊ. घर वडिलांच्या नावावर आहे, वडील वारले. मागे पत्नी, दोन मुलगे व दोन मुली आहेत. विरासतीच्या नियमाने घराचे 48 भाग केले तर पत्नीला आठवा हिस्सा म्हणजे 6 भाग, प्रत्येक मुलाला 14 आणि प्रत्येक मुलीला 7 भाग मिळतात. मोठा मुलगा लंडनमध्ये आहे व दुरुस्तीचा सगळा खर्च तो करणार आहे. पण त्याचा हिस्सा 48 पैकी 14 आहे, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. बाकीच्या 34 भागांच्या मालकांची संमती नसताना त्याने भिंत पाडली, माळा काढला, खोल्या वाढवल्या तर आक्षेप घेण्याचा हक्क बहिणीलाही आहे. ‘बहिणी काही म्हणणार नाहीत’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येते. बहिणींना विचारलेले नसते म्हणून त्या काही म्हणालेल्या नसतात. विचारावे, आणि त्यांचे उत्तर कागदावर घ्यावे.

आता त्या वडिलांच्या जागी पणजोबा धरा. तीन पिढ्यांत वारस नोंद झालेली नाही, अशी घरे कोकणात फार आहेत. तेथे हिस्सेदारांची संख्या तीस-चाळीसवर सहज जाते. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे रीतसर वाटणी. दुसरा म्हणजे सर्वांनी मिळून एक लेखी संमतीपत्र करणे: घर सर्वांचेच राहील, दुरुस्तीचा खर्च अमुक करील, तो खर्च पुढे हिश्शात धरला जाईल किंवा धरला जाणार नाही. खर्च ही देणगी आहे की उसने आहे, हे आधी लिहिले नाही तर दहा वर्षांनी तोच वाद कोर्टात जातो.

सातबारा की गावठाण?

मालकी ठरल्यावर दुसरा प्रश्न येतो, तो जमिनीचा. घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा मिळतो, आणि जेथे मोजणी झाली आहे तेथे मिळकत पत्रिकाही मिळते. एप्रिल 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका दिल्या जात आहेत. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर कोणाचे नाव लागले ते आजच पाहावे. कुलूपबंद घराच्या बाबतीत शेजाऱ्याने सांगितलेले नाव नोंदले जाण्याचा धोका असतो.

कोकणात मात्र वाड्या विखुरलेल्या असतात आणि अनेक घरे गावठाणाबाहेर, बागायतीत किंवा वरकस जमिनीत उभी आहेत. तेथे सातबाराच पाहावा लागतो. घरपट्टी भरली म्हणून जमीन आपली होत नाही. सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना आवर्जून वाचावा, कारण कुळाचे नाव किंवा बँकेचा बोजा तेथेच सापडतो.

हा फरक परदेशी मालकासाठी अतिशय महत्त्वाचा आहे. परकीय चलन व्यवस्थापन कायदा म्हणजे फेमा 1999 साली झाला आणि 1 जून 2000 पासून लागू झाला. त्याखालील 2019 च्या नियमांप्रमाणे अनिवासी भारतीय व ओसीआय कार्डधारक भारतात घर, दुकान विकत घेऊ शकतात, पण शेतजमीन, फार्महाउस किंवा मळ्याची मिळकत विकत घेऊ शकत नाहीत. नातेवाइकाने बक्षीस दिली तरी ती त्यांना घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र कोणतीही मिळकत त्यांच्याकडे येऊ शकते, शेतजमीनसुद्धा. म्हणजे लंडनच्या मुलाला वडिलांकडून आलेला बागायतीचा हिस्सा वैध आहे, पण बहिणीने प्रेमापोटी आपला हिस्सा त्याला हिबा केला आणि जमीन शेतीची असेल, तर तो व्यवहार फेमाच्या विरोधात जातो. उलट त्याने बहिणीला दिला तर अडचण नाही, कारण ती भारतात राहणारी भारतीय आहे. विकायचे झाले तरी शेतजमीन भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात ती घेणारा शेतकरी असावा लागतो.

नोंदीत एखाद्या अशा भावाचे नाव असेल की ज्याने पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले होते, तर त्या हिश्शाला हात लावण्यापूर्वी वकिलाला दाखवावे. शत्रू संपत्ती कायदा 1968 चा आहे आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर अशा संपत्तीला वारसाचे नियम लागू होत नाहीत.

मुखत्यारपत्राची मुदत श्वासाइतकी

मालक परदेशात असल्याने तो येथील भावाला किंवा मेव्हण्याला मुखत्यारपत्र देतो. कारागिराने ते मागून वाचावे. त्यात दुरुस्ती करून घेण्याचा, पैसे देण्याचा, ग्रामपंचायतीत अर्ज करण्याचा अधिकार स्पष्ट लिहिलेला आहे का? नुसत्या ‘देखभालीच्या’ अधिकारात भिंत पाडता येत नाही.

परदेशात केलेले मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते, किंवा त्या देशाचा अपोस्टिल शिक्का चालतो. ते महाराष्ट्रात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. पुष्कळ कागद या एका चुकीमुळे फुकट जातात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मुखत्यारपत्र देणारा वारला की ते संपते. त्या दिवसापासून येथील भावाच्या सहीला किंमत राहत नाही व प्रत्येक वारसाची संमती पुन्हा घ्यावी लागते. काम मोठे व मालक वयोवृद्ध असेल तर त्याच्या मुलांच्या सह्या करारावर आधीच घेणे शहाणपणाचे.

कारागिराने काय पाहावे: आधी कौल

आता कामाकडे वळू. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत पडतो. जुन्या माणसांनी घर बांधताना या पावसाशी समझोता केलेला होता. उतरते छप्पर, भिंतीबाहेर दूर गेलेले वाशे, उंच जोते, चारी बाजूंना पडवी. भिंतीवर थेट पाऊस येऊच नये, अशी ती रचना. म्हणून जुन्या घराचे पहिले काम नेहमी छपराचे. छप्पर गळत असताना आतल्या गिलाव्यावर खर्च केलेला पैसा पाण्यात जातो.

घर पाहायला शक्य तर जुलैमध्ये जावे. मे महिन्यात प्रत्येक घर कोरडे दिसते. पावसात गेले की कोठे गळते, कोठे ओल चढते, अंगणातले पाणी कोणीकडे वाहते ते सर्व घर स्वतःच सांगते. त्याच वेळी नोंद करावी, सप्टेंबरमध्ये अंदाजपत्रक द्यावे, नोव्हेंबरमध्ये काम सुरू करावे आणि एप्रिलअखेर कौले बसलेली असावीत. मे महिना वळवाच्या भरवशावर सोडू नये.

मंगलोरी कौल आपल्याकडे आले ते मंगलोरच्या बासेल मिशनच्या कारखान्यामुळे. तो 1865 साली सुरू झाला. त्यापूर्वी कोकणात कुंभाराची नळीची कौले होती. मंगलोरी कौल एकमेकांत अडकते, वजनाला हलके व बदलायला सोपे. एका चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात व त्यांचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो होते. याउलट चार इंची आर.सी.सी. स्लॅबचे वजन एका चौरस मीटरला सुमारे अडीचशे किलो. हा पाच-सहापट भार पेलण्यासाठी जुनी चिऱ्याची भिंत व तिचा पाया कधी बांधलेलाच नव्हता. ‘कौले काढून स्लॅब टाका’ असे मालक फोनवर सांगतो, तेव्हा हे आकडे त्याला लिहून पाठवावेत. स्लॅब हवीच असेल तर अभियंत्याकडून खांब व पाया वेगळे काढून घ्यावे लागतील आणि मग ती दुरुस्ती राहत नाही, नवे बांधकाम होते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले. त्या एका दिवसात रायगड व उत्तर रत्नागिरीत असंख्य छपरे उडाली. पुढच्या वर्षी मे 2021 मध्ये तौक्ते आले. टाळेबंदीमुळे परदेशातले मालक येऊ शकले नाहीत आणि घाईघाईने अनेक घरांवर पत्रे चढले. पत्रा तापतो, पावसात कानठळ्या बसवतो आणि नीट बांधला नसेल तर वाऱ्यात सगळा एकदम निघतो. कौल सुटे सुटे जाते. पण कौलारू छपरालाही वादळाचा धडा घेतला पाहिजे. कडेच्या दोन-तीन ओळी रिपांना तारेने बांधाव्यात, आढ्याची कौले चुन्यात पक्की बसवावीत आणि वाशांची टोके भिंतीवरील लाकडी पाटाला लोखंडी पट्टीने जखडावीत. खर्च थोडा, फायदा मोठा.

चिरा श्वास घेतो

जांभा, म्हणजे आपला चिरा, खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो व हवेत राहून कठीण होतो. त्याच्या अंगात छिद्रे असतात. ओल आत जाते आणि उन्हाळ्यात बाहेर पडते. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या व चुन्याने लिंपलेल्या असत. चुनाही ओलीला वाट देतो. त्यावर सिमेंटचा कडक गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि शेवटी गिलावा चिऱ्याची साल घेऊन खाली पडतो. मालक म्हणतो गवंड्याने लबाडी केली. गवंड्याने माल पूर्ण वापरलेला असतो, पण माल चुकीचा असतो.

चुन्याचे काम येणारे गवंडी आता थोडे राहिले आहेत. पूर्वी गावोगावी चुन्याची घाणी फिरत असे, चुन्यात गुळाचे पाणी व हिरड्याचे पाणी पडत असे. आपल्या तरुण गवंड्यांनी ही विद्या एखाद्या जुन्या हाताखाली सहा महिने काढून शिकावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. चुना आठवडे-आठवडे पाण्यात मुरवावा लागतो, पातळ थरांत लावावा लागतो, आणि तो हवेतून हळूहळू कठीण होतो, म्हणून घाई चालत नाही. ज्याला हे येते त्याला कोकणातच काय, मुंबईतल्या जुन्या दगडी इमारतींवरही काम आहे.

भिंतीची ओल केवळ वरून येत नाही. वर्षानुवर्षे अंगणात माती चढते, जोते बुडते आणि पाणी भिंतीच्या मुळाशी साचते. ती माती काढणे, अंगणाला उतार देणे, मागचा पाट मोकळा करणे ही दोन दिवसांची मजुरी हजारोंच्या ‘वॉटरप्रूफिंग’पेक्षा जास्त काम करते. आत सर्वत्र चकचकीत टाइल्स बसवल्या तर जमिनीची ओल वाट शोधत भिंतीत शिरते. माजघरात शहाबादी किंवा जुनी लादी ठेवावी. नवी न्हाणी व शौचालय चिऱ्याच्या जुन्या भिंतीला चिकटवू नये. मागच्या पडवीला लागून वेगळे बांधावे. शौचालयाची टाकी विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूस ठेवावी.

लाकूड: ओशिवऱ्याचा माल गावाला परत

जोगेश्वरी पश्चिमेला ओशिवऱ्याचा जुन्या लाकडाचा व फर्निचरचा बाजार सर्वांना ठाऊक आहे. पाडलेल्या चाळी, बंगले, वाडे यांतून निघालेला साग तेथे येतो. तुळया, खांब, दरवाजे, कोरीव चौकटी. त्यांतील काही माल कोकणातल्या पडक्या घरांतूनही निघालेला असतो. जे घर वारसांच्या भांडणात पडते, त्याचे शेवटचे गिऱ्हाईक लाकडाचा व्यापारी असतो. ज्या चौकटीतून आजीची मय्यत निघाली, ती चौकट कोणा अनोळखी हॉटेलात शोभेला लागते. व्यापाऱ्याचा यात दोष नाही. तो विकत घेतो म्हणून निदान लाकूड तरी वाचते. पण घर वाचवणाऱ्याने हाच बाजार उलट दिशेने वापरावा.

जुना साग घेताना तो पुरता सुकलेला आहे, ही त्याची मोठी जमेची बाजू. मात्र खिळ्यांची भोके, टोकाची कूज, सालीकडचा पांढरा भाग व वाळवीची पोकळी पाहून घ्यावी. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. घनफुटाचा हिशोब स्वतः करावा: चार इंच बाय सहा इंच, दहा फूट लांबीची तुळई म्हणजे सुमारे 1.67 घनफूट. पावती घ्यावी व गाडीसोबत ठेवावी, म्हणजे वाटेत नाक्यावर प्रश्न आला तर उत्तर असते.

मालकाने फोनवर सांगितले म्हणून अंगणातला फणस किंवा परसातला ऐन तोडू नये. साग, ऐन, किंजळ, फणस, आंबा ही झाडे महाराष्ट्राच्या 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आहेत आणि खाजगी जमिनीवरही परवानगी लागते. परवानगी नसताना कुऱ्हाड ज्याच्या हातात, पहिला जाब त्याला विचारला जातो.

घरातले जुने लाकूड फेकण्याची घाई करू नये. वाशाचे टोक कुजले असेल तर तेवढे कापून चांगल्या लाकडाचा सांधा देता येतो. कोकणात काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला लावण्याची जुनी पद्धत आहे; वाळवीला तो चांगला पायबंद आहे. आपल्या उपनगरांत उत्तर प्रदेशातून आलेले नक्षीकाम करणारे अनेक सुतार आहेत. मोडलेल्या कठड्याची एक पट्टी जुन्याशी जुळवून कोरणे हे त्यांच्या हातचे काम आहे आणि त्या पट्टीला नव्या कपाटापेक्षा चांगले दाम मिळते.

इटलीत हेच काम कसे चालते?

परदेशी मालक आणि गावातले जुने घर ही अडचण आपल्यापुरती नाही. इटलीत खेडी ओस पडली आणि दगडी घरे रिकामी झाली. 2019 मध्ये सिसिलीतील साम्बूका या गावाने एक युरोत घरे विकायला काढली, तेव्हा जगभरातून लोक धावले. पण अट होती: तीन वर्षांत दुरुस्ती करायची आणि पाच हजार युरो अनामत ठेवायची. घर एका युरोचे, खरा खर्च दुरुस्तीचा, हे लोकांना नंतर समजले.

तेथील एक पद्धत घेण्यासारखी आहे. तेथे ‘जिओमेत्रा’ नावाचा परवानाधारक तंत्रज्ञ असतो. तो घराची मोजणी करतो, नकाशा नोंदीशी जुळतो की नाही ते पाहतो, कामाची बाबवार मोजमापे काढतो आणि नगरपालिकेत कागद दाखल करतो. मालक लंडनला असो की न्यूयॉर्कला, गवंडी त्या मोजमापांवर दर देतो आणि पैसे तपासणीनंतर सुटतात. आणखी एक युक्ती तेथील कौल बसवणाऱ्यांची आहे. उतरवलेली जुनी धड कौले ते वर, दिसणाऱ्या बाजूला लावतात व नवी खाली घालतात. आपणही शाबूत जुनी मंगलोरी कौले दर्शनी उतारावर व नवी मागील उतारावर घालून घराचा चेहरा राखू शकतो.

आपल्याकडे जिओमेत्रा नाही, पण पदविकाधारक स्थापत्य तंत्रज्ञ प्रत्येक तालुक्यात आहे. त्याची फी वाचवणे म्हणजे पुढचे भांडण विकत घेणे.

करार आणि पैसा

एकरकमी ‘अमुक लाखांत घर करून देतो’ असे जुन्या घरात कधीही कबूल करू नये. कौले उतरल्याखेरीज वाशांची खरी अवस्था कोणालाच कळत नाही. बाबवार दर ठरवावेत: कौले चौरस मीटरने, लाकूड घनफुटाने, गिलावा चौरस फुटाने. उघडल्यावर निघणाऱ्या कामासाठी अंदाजात वेगळी रक्कम राखून ठेवावी. करार मुद्रांकावर करावा. उचल मालाच्या पहिल्या खरेदीपुरती घ्यावी. पुढील हप्ते छप्पर, भिंत, जमीन, वीज अशा टप्प्यांवर असावेत. पाच ते दहा टक्के रक्कम मालकाने पहिला पावसाळा सरेपर्यंत राखून ठेवली तर कारागिराने रागावू नये. गळले नाही तर ती त्याचीच आहे.

जे काम पुढे झाकले जाणार आहे त्याचा फोटो झाकण्यापूर्वी मोबाइलवर पाठवावा. वाशाचे सांधे, भिंतीतली वायर, जमिनीखालचा पाइप. दूर बसलेल्या मालकाचा विश्वास बोलण्याने बसत नाही, दर आठवड्याच्या चार फोटोंनी आणि खरेदीच्या पावत्यांनी बसतो. मुखत्यार भावानेही हा पैसा अमानत समजून वेगळा हिशोब ठेवावा. घरखर्च व बांधकामखर्च एकाच खिशातून झाला की सख्ख्या भावांत संशय शिरतो.

पैसा बँकेतून यावा. अनिवासी मालकाच्या एनआरओ किंवा एनआरई खात्यातून दिलेला धनादेश सर्वांत स्वच्छ. हुंडी-हवाल्याने आलेला पैसा घेणारा कारागीरही फेमाच्या फेऱ्यात सापडू शकतो. 2017 पासून एका कामासाठी दोन लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो, देणाऱ्याला नव्हे. ज्यांची वर्षाची एकूण उलाढाल 20 लाखांवर जाते त्या सेवा व बांधकाम व्यावसायिकांना जीएसटी नोंदणी करावी लागते. मालक परदेशी असला तरी घर भारतात आहे, म्हणून हे काम निर्यात ठरत नाही. करमाफीच्या आशेने दर सांगू नयेत.

उपनगरांतील गावठाणे

हे काम केवळ कोकणात नाही. अंधेरीचे आंबोली व मरोळ, बोरिवलीपलीकडचे गोराई व मनोरी या गावठाणांत ईस्ट इंडियन कुटुंबांची जुनी घरे आहेत आणि त्यांचेही अनेक वारस कॅनडा, ऑस्ट्रेलियात आहेत. तेथे सातबाऱ्याऐवजी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका पाहावी. साधी डागडुजी आणि बांधकामातील फेरफार यांत महापालिका फरक करते, म्हणून काम कोणत्या प्रकारात बसते ते वॉर्ड कार्यालयात आधी विचारावे. समुद्र-खाडीच्या भरती रेषेजवळ सीआरझेडचे नियमही आहेत. मुलुंड-घाटकोपरच्या हार्डवेअर व लाद्यांच्या व्यापाऱ्यांनी चुना, जुन्या मापाचे बिजागर, मंगलोरी कौले, शहाबादी हा माल ठेवला तर या सर्व कामांचा पुरवठा त्यांच्याकडून होऊ शकतो.

एक सुतार, एक गवंडी, एक कौलवाला, एक वायरमन आणि तालुक्यातला एक तंत्रज्ञ असे पाच जण एकत्र आले तर त्यांना अशी वर्षात दोन-तीन घरे नीट करता येतील. पहिल्या भेटीत त्यांनी दर सांगू नये. घरपट्टीचा उतारा, सातबारा किंवा मिळकत पत्रिका, वारसांचे संमतीपत्र आणि मुखत्यारपत्र हे चार कागद मागावेत. मालक खरा असेल तर तो रागावणार नाही. परदेशात राहून त्याने पाहिलेले असते की जो कागद मागतो, तोच काम पुरे करतो. आणि कागद मिळत नसतील तर बांधवांनो, ते काम सोडून द्यावे. येत्या जुलैत पावसात भिजत एखादे घर पाहून यावे, नोव्हेंबरला त्यावर शिडी लागेल.